स्वर्गमुखाची वाट

मेक्सिकोतल्या एका चित्रपटाविषयी लिहायचे मी बरीच वर्षे टाळीत आले. त्याचे नाव 'इ तू मामा ताम्बिएन'. मराठीत शब्दशः सांगायचे तर 'आणि तुझी आईसुद्धा'. नावातच शिवीचा वास आहे. आणि आत जे आहे, त्यातले पुष्कळसे चारचौघांत बसून पाहण्याजोगे नाही. दिवाळी अंक घरातली आजी वाचते आणि कॉलेजात जाणारी नातही वाचते. दोघींच्या हाती पडणाऱ्या पानांवर ह्या चित्रपटाचा विषय काढावा का, हा प्रश्न मला खरोखरच पडला होता. शेवटी काढायचे ठरविले ते एवढ्याचसाठी, की ज्यांनी तो पाहिला आहे त्यांच्याकडून आजवर मी त्याच्या धीटपणाबद्दलच ऐकत आले आहे. कोणी त्या धीटपणाला नाके मुरडतात, कोणी त्याच्या आरत्या ओवाळतात. दोन्ही पक्षांचे लक्ष एकाच ठिकाणी खिळलेले. आणि ह्या चित्रपटाची खरी करामत अशी, की जिथे आपले लक्ष खिळावे असे त्याला वाटते, तिथे तो स्वतः पाहतच नाही. तो भलतीकडेच पाहत असतो.

आधी ओळख करून देते. चित्रपट २००१ सालचा. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन. कथा-पटकथा त्याने आपला भाऊ कार्लोस ह्याच्या जोडीने लिहिली. क्वारोन त्याआधी हॉलिवुडात जाऊन दोन इंग्रजी चित्रपट करून आला होता, आणि दोन्ही इंग्रजी कादंबऱ्यांवरचे. तिथे जम बसत असताना माणूस घरी परत येतो, आपल्या भाषेत, आपल्या रस्त्यांवर चित्रपट काढतो, ह्यातच काही गोष्ट आहे असे मला नेहमी वाटते. व्हेनिसच्या महोत्सवात त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. त्यातल्या दोन्ही पोरांना, म्हणजे गाएल गार्सिया बेर्नाल आणि दिएगो लूना ह्या नटांना, तरुण कलावंतांसाठी असलेले मास्त्रोयानी पारितोषिक विभागून मिळाले. पुढे ऑस्करच्या पटकथा-विभागातही त्याचे नाव लागले. मेक्सिकोत मात्र तो अठरा वर्षांखालच्यांना बंद होता. ज्या वयाच्या मुलांची ही गोष्ट, त्यांनाच दार बंद! अर्थात आपल्याकडे काही वेगळे झाले असते असे नव्हे.

कथानक म्हणाल तर दोन ओळींचे. १९९९ सालचा उन्हाळा. हूलिओ आणि तेनोच हे मेक्सिको शहरातले दोन जिवलग मित्र. शाळा नुकतीच संपलेली, कॉलेज सुरू व्हायचे आहे. दोघांच्या मैत्रिणी सुटीसाठी इटलीला गेलेल्या. वेळ जाता जात नाही. तेनोचच्या घरच्या एका लग्नात त्याच्या चुलतभावाची बायको भेटते. ती लुईसा, स्पेनहून आलेली, ह्या पोरांहून वयाने बरीच मोठी, देखणी. तिच्यावर छाप पाडण्यासाठी दोघे थाप मारतात, की आम्ही एका समुद्रकिनाऱ्यावर निघालो आहोत, 'बोका देल सिएलो' त्याचे नाव, म्हणजे स्वर्गाचे मुख. असा किनारा कुठे आहे की नाही, हे त्यांनाही ठाऊक नाही. ती हसून विषय सोडून देते. मग काही दिवसांनी तिचा नवरा एका रात्री दारूच्या नशेत फोनवर रडत रडत आपल्या बाहेरख्यालीपणाची कबुली देतो, आणि दुसऱ्या दिवशी ती पोरांना फोन करते: येऊ का मी? झाले. हूलिओच्या बहिणीची गाडी मागून आणतात आणि तिघे निघतात, नसलेल्या किनाऱ्याकडे.

पुढे वाटेत काय घडते हे सांगण्याची फारशी गरज नाही. दोन तरुण, एक सुंदर स्त्री, रिकामा रस्ता, स्वस्त मोटेल. ज्यांना अंदाज बांधायचा त्यांनी बांधावा. तो बहुधा बरोबरच येईल.

पण अंदाज बांधता येणार नाही अशी एक गोष्ट ह्या चित्रपटात आहे, आणि तिच्यासाठीच मी लेखणी उचलली. ती म्हणजे निवेदक. पडद्यावर तो कधी दिसत नाही. दानिएल हिमेनेस काचो ह्या नटाचा तो आवाज, कोरडा आणि सपाट. गाडी चाललेली असते, पोरे खिदळत असतात, रेडिओ लागलेला असतो, आणि मध्येच सगळे आवाज एकदम बंद पडतात. इंजिन बंद, हसणे बंद, वारा बंद. ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. क्षणभर शांतता. आणि मग हा आवाज दोन-तीन वाक्ये सांगतो आणि निघून जातो. सगळे आवाज पुन्हा सुरू होतात, जणू काही झालेच नाही.

प्रथम मला वाटले, ही आपली कादंबरीकारांची जुनी सवय पडद्यावर आणली आहे. 'वाचकहो, त्या वेळी नायकाला कल्पनाही नव्हती की...' अशी वाक्ये लिहिण्याचा मोह आम्हा लोकांना फार. पण हा निवेदक तसा नाही. तो पात्रांच्या मनातले गुपित फोडून आपली उत्सुकता वाढवीत नाही. तो ज्या गोष्टी सांगतो त्या कथेला लागतच नाहीत.

उदाहरण सांगते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पोरे गाडीतून जाताना वाहतुकीत अडकतात. नेहमीची चिडचिड, नेहमीचा पाचकळपणा. निवेदक सांगतो, ही कोंडी कशामुळे झाली. मिचोआकान प्रांतातून पोटासाठी शहरात आलेला एक गवंडी बसखाली सापडून मेला होता. रस्ता ओलांडायला पूल होता, पण तो अशा जागी बांधलेला की त्यावरून जायचे तर कामावर पोहोचण्यासाठी दोन किलोमीटर जास्त चालावे लागे. म्हणून तो रोज रस्त्यामधूनच पळत जाई. त्याचे प्रेत ओळखायला चार दिवस कोणी आले नाही. एवढे सांगून निवेदक गप्प होतो. पोरांना ह्यातले काहीच कळलेले नसते. ती पुढे जातात. आपण मात्र पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही.

पुढे पुढे हे असे वारंवार घडते. एमान्युएल लुबेझ्कीचा कॅमेराही त्या निवेदकाचाच भाऊ शोभावा. तिघे जण रस्त्याकाठच्या खाणावळीत जेवत असतात, गप्पा रंगलेल्या असतात, आणि कॅमेऱ्याला जणू त्या गप्पांचा कंटाळा येतो. एक म्हातारी बाई जवळून जाते, तो तिच्या मागोमाग चालू लागतो, थेट स्वयंपाकघरात. तिथे बाया भांडी घासताहेत, स्वयंपाक चालला आहे. थोडा वेळ तिथे रेंगाळून तो परत येतो. श्रीमंताघरच्या लग्नात खुद्द राष्ट्राध्यक्ष आलेले असतात. कॅमेरा त्यांच्यापाशी थांबत नाही, तो जेवणाची ताटे घेऊन बाहेर निघालेल्या बाईच्या मागे जातो आणि बाहेर ताटकळत बसलेले ड्रायव्हर आणि शरीररक्षक आपल्याला दाखवितो. गाडीच्या काचेतून पोलिसांनी रस्त्याकडेला उभे करून ठेवलेले खेडूत दिसतात. आत चाललेला विनोद थांबत नाही. कोणी त्यावर चकार शब्द काढत नाही. कॅमेरा मान वळवून मागे पाहतो, एवढेच.

ह्या सगळ्यांत मला जे एक दृश्य विसरता आलेले नाही ते तर जेमतेम मिनिटभराचे आहे. गाडी वाहाका राज्यातून जात असते. बाहेर एक पाटी दिसते: तेपेलमेमे. तेनोच ती पाहतो आणि गप्प राहतो. निवेदक सांगतो, तेनोचला सांभाळणारी दाई लेओ ह्या गावची. तेराव्या वर्षी ती मेक्सिको शहरात कामाला आली. चार वर्षांचा होईपर्यंत तेनोच तिलाच आई म्हणत असे. तिच्या गावी तो कधी गेलेला नव्हता. ही गोष्ट त्याने बरोबरच्या दोघांना सांगितली नाही.

गाडी पाटीच्या पुढे निघून जाते.

ह्या लेओला आपण आधी एकदा पाहिलेले असते. तेनोच घरी पसरलेला आहे, हाताशी टेलिफोन वाजतो आहे, तो उचलीत नाही. घराच्या दुसऱ्या टोकाकडून लेओ त्याच्यासाठी खायला घेऊन चालत येते, जिना चढते, फोन वाजतच असतो. ती येऊन त्याच्या पुढ्यात बशी ठेवते आणि त्याच्या हाताशी असलेला फोन उचलून त्याला देते. कोणी कोणावर रागावत नाही. तेनोच दुष्ट मुलगा नाही; त्याला काही वावगे वाटतच नाही. वाचकांनी आपापल्या घरात डोकावून पाहावे. ज्या बाईच्या कडेवर आपली मुले वाढली तिचे गाव कोणते, हे आपल्यातल्या पुष्कळांना सांगता येईल. त्या गावाला जाऊन आलेले किती निघतील?

लेओचे काम जिने केले ती नटी नव्हे. लिबोरिया रोद्रिगेस हे तिचे नाव, आणि ती खुद्द क्वारोनच्या घरी त्याला लहानपणापासून सांभाळीत आलेली. घरातले सगळे तिला लिबो म्हणत. सतरा वर्षांनी, २०१८ साली, क्वारोनने 'रोमा' नावाचा चित्रपट काढला. काळ्यापांढऱ्या रंगातला, घरकाम करणाऱ्या एका मुलीभोवती फिरणारा. त्याला व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तीन ऑस्कर मिळाले, आणि तो त्याने लिबोलाच अर्पण केला. 'रोमा'ची थोरवी मी नाकारीत नाही. परंतु 'रोमा' पाहताना आपण काहीतरी थोर पाहतो आहोत ही जाणीव सारखी सोबत असते. तेपेलमेमेच्या पाटीपाशी ती नसते. तिथे एक पोरगा खिडकीतून बाहेर पाहतो आणि बोलायचे टाळतो, बस्स. मला विचाराल तर ह्या मिनिटाची फेड करायला क्वारोनला पुढे सबंध चित्रपट काढावा लागला.

आता मैत्रीकडे येते. दोघांत गळामिठी अशी, की एकाचे वाक्य दुसऱ्याने पुरे करावे. त्यांनी आपली एक टोळी केली आहे, तिचे नियम केले आहेत, जाहीरनामा केला आहे. मित्राच्या मैत्रिणीकडे वाकड्या नजरेने पाहायचे नाही, हा त्यातला एक नियम. लुईसाला ते मोठ्या अभिमानाने सगळा जाहीरनामा म्हणून दाखवितात. आणि हा नियम दोघांनीही मोडलेला आहे, हे आपल्याला थोड्याच वेळात कळते.

पण त्याच्याही आधी निवेदक एक बारीकशी गोष्ट सांगतो. पोरे लुईसाला आपल्या दोस्तीचे किस्से सांगत असतात. निवेदक म्हणतो, किस्से खरेच होते, पण पुरे नव्हते. काय गाळले होते? तेनोचच्या बंगल्यात संडासला गेल्यावर हूलिओ आगकाडी ओढत असे, मागे वास राहू नये म्हणून. आणि हूलिओच्या घरी गेल्यावर तेनोच संडासाचे झाकण पायाने उचलीत असे.

एकाचा बाप सरकारात मोठ्या हुद्द्यावर. दुसऱ्याची आई कचेरीत नोकरी करून घर चालविणारी. चित्रपटभर ह्याबद्दल कोणी भाषण केलेले नाही. एक आगकाडी आणि एक पाय. असे दोन तपशील मला माझ्या एखाद्या कादंबरीत सापडले असते तर मी चार प्रकरणे कमी लिहिली असती. शाळेत एका बाकावर बसणारी, एका डब्यात जेवणारी पोरे मी इतकी वर्षे पाहते आहे. त्यांतला एक दुसऱ्याच्या घरी जाताना दारातच चपला कुठे काढाव्यात ह्या विचारात घुटमळतो, आणि दुसरा ह्याच्याकडे पाणी पिताना भांडे ओठाला लावीत नाही. हे दोघांनाही ठाऊक असते, आणि तरी ते जिवलग मित्र असतात. खोटे मित्र नव्हेत, खरेच. चित्रपट ही गोष्ट ओळखतो. म्हणूनच भांडण पेटते तेव्हा दोघांच्या तोंडून मैत्रिणींविषयीच्या शिव्या येता येता अचानक एकमेकांच्या घराविषयी, पायरीविषयी शिव्या येऊ लागतात. कुठे दडून बसल्या होत्या त्या?

भांडण होते कशावरून ते सांगण्यासारखे आहे, आणि सभ्य शब्दांत सांगताही येते. लुईसा तेनोचला जवळ करते. हूलिओ ते पाहतो. निवेदक सांगतो, त्याला पोटात जी कळ आली ती तशीच होती, जशी लहानपणी आपल्या आईला आपल्या धर्मपित्याच्या मिठीत पाहून आली होती. तेही त्याने कोणाला सांगितलेले नव्हते. त्या कळेच्या भरात तो तेनोचला सांगून टाकतो, की तुझ्या मैत्रिणीशी माझे संबंध होते. पुढे लुईसा, जणू तराजू समतोल करण्यासाठी, हूलिओला जवळ करते. मग तेनोचही आपले पाप ओकतो. दोघांनी एकमेकांवर केलेला घाव एकच आहे, आणि तरीही प्रत्येकाला आपलाच घाव खोल वाटतो. तेनोचलाही तशीच कळ येते, आणि त्याला आठवते ती अकराव्या वर्षी वर्तमानपत्रात वाचलेली बातमी: गरिबांना पुरवायच्या खराब धान्याच्या प्रकरणात त्याच्या बापाचे नाव होते. एकाच्या मत्सराची मुळे आईच्या खोलीत, दुसऱ्याच्या मत्सराची मुळे वर्तमानपत्राच्या पानात! वासनेविषयीचा चित्रपट म्हणून ज्याची ख्याती झाली, त्यात वासनेच्या प्रत्येक प्रसंगाखाली अशी एखादी न सांगितलेली लाज पुरून ठेवलेली आहे. ह्याला अश्लील म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की अश्लील चित्रपटात कोणाला लाज वाटताना तुम्ही पाहिली आहे काय?

लुईसाविषयी मात्र माझे मन अजून पुरते स्वच्छ नाही. मारिबेल वेर्दूने ती अशी उभी केली आहे की दोष काढायला जीव होत नाही. तरीही काढते. प्रवासाला निघण्याआधी ती डॉक्टरकडे जाऊन आलेली असते. तिचे दिवस भरत आले आहेत हे तिला ठाऊक आहे. आपल्याला आणि पोरांना ते अगदी शेवटी कळते. मरणाऱ्या स्त्रीने जाता जाता तरुणांना शहाणे करून जावे, ही युक्ती जुनी आहे. तिच्यात पुरुष लेखकांचा एक लबाड समाधानही असते: स्त्री देऊन जाते, आणि तिचे पुढे काय करायचे हा प्रश्न उरत नाही. क्वारोन बंधूंना हा मोह आवरला नाही, असेच मला म्हणावे लागते.

पण ह्या आक्षेपाला चित्रपटातच एक उत्तर आहे, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. एका रात्री ती टेलिफोनच्या खोलीत उभी राहून नवऱ्याला फोन करते. त्याचा निरोप घेते, पण आजाराबद्दल अक्षर बोलत नाही. उलट त्यालाच धीर देते, त्याची समजूत काढते, आणि रडते. त्या खोलीच्या काचेत प्रतिबिंब दिसते ते पोरांचे: दोघे पलीकडे टेबलावरचा फुटबॉल खेळण्यात दंग. एकाच चौकटीत ती रडते आहे आणि ते आरडताहेत. ती त्यांना काही शिकवायला आलेली नाही हे त्या क्षणी कळते. तिचा स्वतःचा प्रवास चालला आहे, त्यात ही दोन पोरे नुसती गाडी चालविताहेत. लहानपणी आईबाप गेलेले, एका म्हाताऱ्या नातलग बाईच्या सेवेत तरुणपण सरलेले, पहिला प्रियकर मोटारसायकलच्या अपघातात मेलेला. असे आयुष्य जगलेल्या बाईला शेवटचा महिनाभर समुद्र पाहावासा वाटला. ह्यात पोरांचा संबंध किती? हा चित्रपट पोरांच्या बाजूने सांगितलेला आहे, हे खरे. पण तो पुन्हा पाहताना माणूस तिच्या बाजूने पाहतो, आणि मग प्रत्येक हसण्याचा अर्थ बदलतो. प्रत्येक चित्रपटाला ही दुसरी खेप झेपत नाही.

आणखी एक कुरकुर. पात्रांची आडनावे पाहा. हूलिओ सापाता: शेतकऱ्यांचा क्रांतिकारक पुढारी एमिलिआनो सापाता ह्याचे आडनाव. तेनोच इतुर्बिदे: इतुर्बिदे म्हणजे स्वातंत्र्यानंतर स्वतःला सम्राट म्हणवून घेणारा सेनानी. लुईसा कोर्तेस: ज्या एर्नान कोर्तेसने सोळाव्या शतकात तो देश जिंकला त्याचे. गरीब, श्रीमंत आणि स्पेनची! इतिहासाचा तास घेणाऱ्या माझ्यासारखीला ही कोडी आवडायला हवीत. पण नेमके हेच मला मास्तरकीचे वाटले. फक्त 'तेनोच' ह्या नावाचा खुलासा झकास आहे. तो जन्मला त्याच सुमारास बाप सरकारात शिरला आणि त्याला राष्ट्रप्रेमाची लागण झाली. म्हणून मुलाला जुन्या अ‍ॅझ्टेक वळणाचे नाव मिळाले. नाहीतर त्याचे नाव एर्नान ठेवायचे ठरले होते.

२००१ साल आपल्याकडेही लक्षात आहे ते 'दिल चाहता है'मुळे. तिथेही मित्र, तिथेही गाडी, मुंबईहून गोव्याचा समुद्र. तिथेही वयाने मोठी एक स्त्री आणि तिचा मृत्यू. दोघांनी एकमेकांचे पाहिले असण्याचा संभव नाही, योगायोग म्हणायचा. पण मुंबई-गोवा रस्त्यावर त्या गाडीला कोणी गवंडी भेटत नाही, कोणाच्या दाईचे गाव लागत नाही. कोकणातून जाणारा तो रस्ता आहे. त्यावर गावे काही कमी नाहीत. 'दिल चाहता है' मला आवडतो, आजही लागला तर मी उठत नाही. त्याच्या रस्त्यावर माणसे नाहीत, एवढे मात्र हा मेक्सिकन चित्रपट पाहिल्यावर जाणवू लागते. आणि तिथे दुरावलेले मित्र अखेर पुन्हा एकत्र येतात. आपल्याला मैत्री तुटलेली पाहवत नाही.

प्रवासाच्या शेवटी एक विलक्षण गोष्ट घडते. रस्ता चुकून, वाळूत गाडी रुतवून, ते रात्री जिथे मुक्काम करतात तिथे सकाळी डोळे उघडतात तो समोर समुद्र. चुई नावाचा कोळी आपली बायको-मुले घेऊन होडीतून येतो आणि त्यांना आसपासचे किनारे दाखवायला नेतो. त्यांतल्या एका किनाऱ्याचे नाव तो सहज सांगतो: बोका देल सिएलो. थापेतला किनारा खरोखरच असतो! हे दृश्य वाहाकाच्या किनाऱ्यावर, वातुल्कोच्या बाजूला चित्रित झाले आहे, आणि ते इतके सुंदर आहे की इथे तरी निवेदक गप्प बसेल असे आपल्याला वाटते. तो बसत नाही. तो सांगतो, वर्ष संपता संपता चुईच्या कुटुंबाला हे घर सोडावे लागेल, कारण इथे मोठे हॉटेल उभे राहणार आहे. चुई प्रवाशांना होडीतून फिरविण्याचा धंदा करू पाहील. बाहेरून आलेले होडीवाले, वरचा आशीर्वाद घेऊन, त्याला तो करू देणार नाहीत. दोन वर्षांनी तो त्या हॉटेलात झाडलोट करीत असेल. मासे तो पुन्हा कधी मारणार नाही.

पडद्यावर त्या वेळी चुई हसतो आहे. मुले पाण्यात खेळताहेत. आमच्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना ही तीन-चार वाक्ये समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या रात्री किनाऱ्यावरच्या खाणावळीत दारू होते, गाणे लागते, तिघे नाचतात. मग जे घडते त्यात लुईसा हळूहळू चौकटीबाहेर जाते आणि उरतात फक्त दोघे मित्र, एकमेकांच्या फार जवळ. कॅमेरा इथे थांबतो, आणि मीही थांबते. चित्रपटभर दोघे ज्या स्त्रियांवरून भांडले, त्या साऱ्या बाजूला सरकल्यावर मध्ये काय उरले होते, ते दोघांना कळून चुकते. सकाळी तेनोच उलटी करतो. दारूमुळे, असे म्हणायला जागा आहे. दोघे एकमेकांकडे न पाहता आवराआवर करतात. घरी जायला हवे, असे एकाएकी दोघांनाही आठवते. लुईसा मागे राहते, चुईच्या मुलांबरोबर. येताना तासन् तास चाललेली बडबड जाताना नाही.

पुढच्या वर्षी ते मेक्सिको शहरात रस्त्यात अचानक भेटतात. मधल्या काळात, जुलै २००० मध्ये, एकाहत्तर वर्षे सत्तेवर असलेला पक्ष राष्ट्राध्यक्षाची निवडणूक हरलेला आहे. तेनोचच्या बापाच्या जगाला हादरा बसला आहे. निवेदक हे सांगतो, पण त्याच कोरड्या आवाजात, उत्सव न करता. दोघे कॉफी प्यायला बसतात, कारण टाळण्याचा बहाणा शोधण्यापेक्षा बसणे सोपे होते. तेनोच अर्थशास्त्राकडे वळणार आहे, हूलिओ जीवशास्त्राकडे. एकाची संस्था श्रीमंतांची, दुसऱ्याची सरकारी. जुने मित्र, मैत्रिणी, कोण कुठे आहे, असे सगळे विचारून होते. तुला ठाऊक आहे का, लुईसा गेली. कधी? आपण आलो त्यानंतर महिन्याभरात. कर्करोग होता, तिला ठाऊक होते. हूलिओ कपाकडे पाहतो. ह्या वेळी त्या रात्रीबद्दल कोणी काही बोलेल असे आपल्याला वाटत राहते. तेनोच घड्याळ पाहतो, कोणीतरी वाट पाहत असल्याचे सांगतो आणि उठतो. पुन्हा भेटू, असे म्हणतो. ते पुन्हा कधी भेटणार नाहीत, हे निवेदक सांगतो.

हूलिओ थोडा वेळ एकटाच बसून राहतो. मग बिल मागवितो.